ऑटावाचे अध्यापनमंदिर

भाषेच्या हक्काचा वाद निघाला म्हणजे कायदे, ठराव आणि न्यायालयांचे निकाल यांची चर्चा होते. मुलांना कोणत्या भाषेतून शिकवावे, किती वर्षे शिकवावे, याविषयी सभा भरतात आणि शिष्टमंडळे निघतात. परंतु त्या भाषेतून शिकविणारा शिक्षक कोठे तयार व्हावयाचा, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. वास्तविक पाहता तोच प्रश्न पहिला आहे. कायद्याने दिलेली सवलत शिक्षकाच्या अभावी कागदावर राहते. उलट कायदा प्रतिकूल असताही योग्य शिक्षक असतील तर भाषा वर्गात जिवंत राहते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात या गोष्टीचा पडताळा आला. तेथील फ्रेंच भाषिकांनी विद्यापीठाच्या आश्रयाने उभी केलेली एक अध्यापनशाळा आणि तिच्या भोवतीचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १६०८ साली शांप्लॅं याने क्वेबेक शहराचा पाया घातला आणि सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंच वसाहत रुजली. १७५९ मध्ये त्या शहराच्या तटाबाहेरील पठारावर झालेल्या लढाईत इंग्रजांचा जय झाला, व १७६३ च्या पॅरिसच्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. राज्य बदलले, पण वस्ती बदलली नाही. १७७४ च्या क्वेबेक ॲक्टाने फ्रेंच रयतेचा कॅथॉलिक धर्म आणि तिचा दिवाणी कायदा राखण्यात आला. पुढे १८६७ साली कॅनडाचे संघराज्य झाले तेव्हा शिक्षण हा विषय प्रांतांकडे सोपविण्यात आला. घटनेच्या ९३ व्या कलमाने प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक अल्पसंख्याकांच्या धर्मशाळांना संरक्षण दिले. १३३ व्या कलमाने मध्यवर्ती संसद, क्वेबेकचे विधिमंडळ आणि त्यांची न्यायालये येथे दोन्ही भाषांना स्थान दिले. ऑन्टॅरिओच्या शाळेत मात्र फ्रेंच भाषेचे स्थान काय, याविषयी घटनेत अक्षर नव्हते. धर्माला कवच मिळाले, भाषा उघडी राहिली. पुढील सर्व कलहाचे बीज या एका उणिवेत आहे.

शिक्षक ‘घडविण्याची’ कल्पना त्या काळी नवीन होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९५ साली, पॅरिसमध्ये ‘एकोल नॉर्माल’ निघाली. ‘नॉर्म’ म्हणजे नमुना, आदर्श. ज्या शाळेत अध्यापनाचा आदर्श घालून दिला जातो ती नॉर्मल शाळा. हे नाव युरोपातून अमेरिकेत आणि तेथून पुष्कळ दूरवर गेले. मुंबईतही बाळशास्त्री जांभेकरांच्या देखरेखीखाली १८४५ च्या सुमारास ‘नॉर्मल क्लास’ निघाला होता, त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द अगदीच परका नाही. ऑन्टॅरिओत ही संस्था आणली ती एगर्टन रायर्सन यांनी. हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक १८४४ साली तेथील शिक्षणखात्याचे प्रमुख झाले, युरोपातील शाळा हिंडून पाहून आले, आणि १ नोव्हेंबर १८४७ रोजी त्यांनी टोरॉन्टो येथे नॉर्मल शाळा उघडली. १८७५ मध्ये अशीच दुसरी शाळा राजधानी ऑटावा येथे निघाली. दोन्ही ठिकाणी अध्यापनाची भाषा एकच होती, ती म्हणजे इंग्रजी. फ्रेंच वस्तीच्या शाळांतून फ्रेंच शिकविण्यास रायर्सन यांचा विरोध नव्हता. ती या देशाची मान्य भाषा आहे असे त्यांनी १८५७ साली कळविले होते. परंतु शाळेत फ्रेंचला परवानगी असणे आणि फ्रेंच शिक्षकासाठी नॉर्मल शाळा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली होती, दुसरी नव्हती.

शेजारच्या क्वेबेक प्रांतातील स्थिती तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. तेथे शिक्षणाधिकारी पिएर शोव्हो यांनी १८५७ साली एकदम तीन नॉर्मल शाळा काढल्या: माँट्रिऑल येथे इंग्रजांसाठी मॅक्‌गिल नॉर्मल स्कूल आणि फ्रेंचांसाठी झाक-कार्तिए, व क्वेबेक शहरी फ्रेंचांसाठी लावाल. बहुसंख्य फ्रेंच असलेल्या प्रांतात इंग्रज अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेची अध्यापनशाळा पहिल्याच दिवशी मिळाली, आणि तीही विद्यापीठाशी जोडलेली. मॅक्‌गिल विद्यापीठाचे प्राचार्य, विख्यात भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम डॉसन, हे या नॉर्मल शाळेचेही पहिले प्रमुख झाले. तिच्यात शिकणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. १९०७ साली तंबाखूचे व्यापारी विल्यम मॅक्डोनल्ड यांच्या देणगीने उभ्या राहिलेल्या मॅक्डोनल्ड कॉलेजकडे हे काम गेले. फ्रेंच शाळांचे प्रमुखपद धर्मोपदेशकांकडे राहिले. झाक-कार्तिए शाळेची धुरा आबे व्हेरो यांनी पुष्कळ वर्षे वाहिली. तेथे मुलींचा विभाग निघावयास मात्र १८९९ साल उजाडले. तरी मुख्य मुद्दा असा की, क्वेबेकमधील इंग्रजांना आपल्या भाषेत शिक्षक तयार करण्याची सोय १८५७ पासून होती. ऑन्टॅरिओतील फ्रेंचांना तशी सोय पुढील सहा-सात दशके नव्हती.

ऑन्टॅरिओत फ्रेंच लोक आले कोठून? डेट्रॉइट नदीच्या काठी त्यांची वस्ती अठराव्या शतकापासूनच होती. एकोणिसाव्या शतकात क्वेबेकमधील शेते कुटुंबांना अपुरी पडू लागली, तेव्हा लोक ऑटावा नदी ओलांडून प्रेस्कॉट व रसेल या परगण्यांत आले. लाकूडतोड, रेल्वे आणि खाणी यांच्या मागे काहीजण उत्तरेस सडबरीच्या बाजूला गेले. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी प्रांतात फ्रेंच वंशाचे सुमारे दोन लाख लोक होते. ही वाढ इंग्रज समाजाच्या डोळ्यांवर येऊ लागली होती. १८८५ साली प्रांताने सर्व शाळांत इंग्रजी हा विषय सक्तीचा केला. १८९० साली, जेथे अशक्य असेल ती ठिकाणे वगळून, इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा ठरविली. त्याच वेळी फ्रेंच शाळांच्या शिक्षकांसाठी प्लँटाजेनेट येथे एक ‘इंग्लिश-फ्रेंच मॉडेल स्कूल’ निघाले आणि पुढे आणखी काही ठिकाणी तशी निघाली. परंतु नॉर्मल शाळा आणि मॉडेल शाळा यांच्या दर्जात मोठे अंतर होते. मॉडेल शाळेचा अभ्यासक्रम अल्प मुदतीचा, प्रवेशाची अट हलकी आणि मिळणारे प्रशस्तिपत्रक खालच्या प्रतीचे. फ्रेंच खेड्यातील मुलगी स्वतःच जेमतेम शिकून, थोडे महिने मॉडेल शाळेत काढून, चाळीस-पन्नास मुलांपुढे उभी राही आणि दोन भाषा एकदम शिकवू लागे.

शहरांतील फ्रेंच शाळांचा भार मुख्यतः कॅथॉलिक संन्यासिनी व ब्रदर यांच्यावर होता. त्यांपैकी पुष्कळजण क्वेबेकहून आलेले. संन्यस्त शिक्षकांना सरकारी परीक्षेची जरूर नाही असा समज होता. परंतु १९०६ साली प्रिव्ही कौन्सिलने तो खोटा ठरविला. म्हणजे ज्यांना शिकविण्याचा अनुभव होता त्यांच्यापाशी ऑन्टॅरिओचे प्रशस्तिपत्रक नव्हते, आणि ज्यांच्यापाशी ते होते त्यांची तयारी कच्ची होती. ते पक्के होण्यासाठी जावे तर नॉर्मल शाळा इंग्रजी.

जानेवारी १९१० मध्ये ऑटावा येथे फ्रेंच भाषिकांची मोठी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी आले होते. तीतून प्रांतातील फ्रेंच शिक्षणाची कैवारी अशी एक कायम संस्था निर्माण झाली आणि सेनेटर नेपोलियन बेलकूर तिचे पहिले अध्यक्ष झाले. या संघटनेने दोन बाजूंचे लोक चिडले. प्रॉटेस्टंट ऑरेंज संघाला फ्रेंच आणि कॅथॉलिक या दोन्ही गोष्टी खपत नव्हत्या. आयरिश कॅथॉलिक हे धर्माने फ्रेंचांचे भाऊ. पण त्यांची भाषा इंग्रजी होती, आणि फ्रेंच शाळांच्या वादात आपल्या कॅथॉलिक शाळांचे अनुदानही बुडेल अशी त्यांना भीती वाटे. लंडन (ऑन्टॅरिओ) येथील बिशप फॅलन हे दुभाषिक शाळांचे कट्टर विरोधक होते. अशा रीतीने धर्माच्या एकाच छपराखाली भाषेची भिंत उभी राहिली.

मुख्य प्रधान जेम्स व्हिटनी यांनी डॉ. मर्चंट या अनुभवी शिक्षणाधिकाऱ्याला चौकशीस नेमले. १९१२ च्या आरंभी त्यांचा अहवाल आला. दुभाषिक शाळांचे काम असमाधानकारक आहे, मुलांचे इंग्रजी कच्चे आहे, पुष्कळ मुले लवकर शाळा सोडतात आणि शिक्षकांची तयारी अपुरी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अहवाल द्वेषाने लिहिलेला नव्हता आणि त्यातील बरेचसे निदान खरे होते. परंतु रोग शिक्षकाच्या तयारीत आहे असे आढळल्यावर औषध शिक्षकाच्या तयारीवर हवे. सरकारने औषध योजिले ते भाषेवर. जून १९१२ मध्ये शिक्षणखात्याने नियम १७ जारी केला. पहिल्या दोन वर्षांपलीकडे फ्रेंच ही शिक्षणाची भाषा असता कामा नये, असा त्याचा सारांश. १९१३ मध्ये थोडी दुरुस्ती होऊन, विषय म्हणून फ्रेंच शिकविण्यास दिवसाकाठी एक तास मिळाला. पुरेसे इंग्रजी न येणाऱ्या शिक्षकाला नेमणूक नाही, आणि नियम न पाळणाऱ्या शाळेला अनुदान नाही, हे त्या नियमाचे दात.

यातील दुष्टचक्र उघड आहे. फ्रेंच शिक्षकाला उत्तम तयारीची शाळा द्यावयाची नाही. मग त्याची तयारी कमी आहे असे दाखवावयाचे. आणि त्या उणिवेवरून फ्रेंच भाषाच वर्गाबाहेर काढावयाची. सरकारच्या मनात हा हेतू आरंभापासून होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रजी आल्यावाचून या मुलांचा उत्कर्ष नाही अशी अनेक सुशिक्षितांची प्रामाणिक समजूत होती. तथापि परिणाम व्हावयाचा तोच झाला.

विरोधाचे केंद्र ऑटावा बनले. मार्च १९१३ मध्ये ‘ल द्रुआ’, म्हणजे ‘हक्क’, या नावाचे फ्रेंच दैनिक तेथे निघाले. शहराच्या कॅथॉलिक शाळामंडळाने, सॅम्युएल जेने यांच्या अध्यक्षतेखाली, नियम पाळण्यास नकार दिला. १९१५ मध्ये सरकारने निवडून आलेले मंडळ बाजूस सारून आपले त्रिसदस्य कमिशन नेमले. त्याच सुमारास शहराच्या खालच्या पेठेतील गीग शाळेत बेआत्रिस व दिआन देलोझ या दोन तरुण बहिणी शिकवीत होत्या. नियमाची शपथ घेण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा त्यांना शाळेतून काढण्यात आले. त्यांनी शाळेबाहेर वर्ग चालू ठेवला आणि मुले त्यांच्या मागोमाग गेली. नव्या शिक्षकांपुढे बाके रिकामी राहिली. जानेवारी १९१६ मध्ये मुलांच्या आयांनी या बहिणींना परत शाळेत आणून बसविले आणि दारावर पहारा धरला. पोलीस आले तेव्हा या बायकांनी स्वयंपाकघरातील हाताला येतील ती आयुधे आणि टोप केसांत अडकविण्याच्या लांब टाचण्या घेऊन त्यांना मागे रेटले. ‘टाचण्यांची लढाई’ या नावाने ही हकीकत तिकडे अजून सांगितली जाते. तिची गंमत वाटणे साहजिक आहे. परंतु ऑटावातील शिक्षकांचे पगार अडलेले होते, आणि वेतनावाचून किती महिने राबावयाचे हा प्रश्न टाचणीने सुटणारा नव्हता.

मंडळाने न्यायालयाची वाट धरली होती. अखेरचा निवाडा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला, जेथे हिंदुस्थानातील दाव्यांचेही शेवटचे निकाल १९४९ पर्यंत लागत असत. नोव्हेंबर १९१६ मध्ये दोन निकाल झाले. पहिला असा की सरकारने नेमलेले कमिशन बेकायदेशीर; निवडून आलेल्या मंडळाला त्याचे अधिकार परत मिळाले. दुसरा असा की नियम १७ मात्र कायदेशीर, कारण घटनेचे ९३ वे कलम धर्माने ठरणाऱ्या वर्गाचे रक्षण करते, भाषेने ठरणाऱ्या वर्गाचे नव्हे. त्याच वर्षी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी दोन्ही पक्षांच्या कॅथॉलिकांना सलोख्याने वागण्याचा उपदेश केला. त्यानंतर महायुद्धातील सक्तीच्या सैन्यभरतीचा वाद पेटला आणि इंग्रज-फ्रेंच वैर आणखी वाढले. न्यायालय संपले, धर्मपीठ संपले, आणि राजकारणात बहुमत विरुद्ध. फ्रेंच पुढाऱ्यांपुढे आता एकच वाट उरली, ती म्हणजे शाळा चालवीत राहणे. आणि शाळा चालवावयाची तर शिक्षक हवेत, हे १९१२ मधील सत्य १९१६ मध्येही तसेच उभे होते.

येथे ऑटावा विद्यापीठ पुढे आले. १८४८ साली बिशप गीग यांनी बायटाउन या लाकडाच्या व्यापाराच्या गावी एक लहानसे कॉलेज काढले होते. पुढे गावाचे नाव ऑटावा झाले आणि १८६६ मध्ये कॉलेजला विद्यापीठाची सनद मिळाली. ऑब्लेट पंथाचे धर्मोपदेशक ते चालवीत. आरंभापासून तेथे इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषा नांदत होत्या. कधी एकीचे वजन जास्त, कधी दुसरीचे. १९२३ साली या विद्यापीठाने फ्रेंच शाळांच्या शिक्षकांसाठी आपली स्वतःची ‘एकोल नॉर्माल’ उघडली. प्रांतिक सरकारची तिला मान्यता नव्हती. येथील प्रशस्तिपत्रकाला शिक्षणखात्याच्या लेखी किंमत नव्हती. तरीही विद्यार्थी आले. ज्या पदविकेने पगारवाढ होत नाही ती मिळविण्यासाठी वर्ष घालविणे ही श्रद्धेची गोष्ट होती. त्याच वर्षी पेम्ब्रोक गावी झान लाझ्वा या तरुण शिक्षिकेने सरकारी अनुदानाशिवाय लोकांच्या वर्गणीवर फ्रेंच शाळा काढली. खालच्या बाजूने गावोगावची शाळा आणि वरच्या बाजूने विद्यापीठाची अध्यापनशाळा, अशी एका भाषेची शिडी सरकारी चौकटीबाहेर उभी राहू लागली.

या अध्यापनशाळेचे महत्त्व दोन कारणांनी होते. एक तर तिने मर्चंट यांच्या टीकेला उत्तर दिले. शिक्षक अपुरे तयार होतात हा आक्षेप निषेधाने खोडून निघत नाही. चांगले तयार झालेले शिक्षक पुढे करूनच निघतो. दुसरे असे की, येथे फ्रेंच ही केवळ शिकविण्याची वस्तू नव्हती. अध्यापनशास्त्र, बालमनाचा विचार, पाठाची आखणी, गणित कसे सांगावे, इतिहास कसा सांगावा, हे सारे फ्रेंचमधून चाले. शिक्षकाला विषयाची परिभाषा त्याच भाषेत मिळाली नाही, तर वर्गात तो पदोपदी दुसऱ्या भाषेचा आधार घेतो आणि मुलांची समजूत होते की आपली भाषा घरची, शहाणपणाची भाषा वेगळी. मॉडेल शाळेत हीच उणीव होती. इंग्रजीकडेही दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. ऑन्टॅरिओत राहावयाचे तर मुलांना इंग्रजी उत्तम आलेच पाहिजे, हे फ्रेंच पालकही जाणून होते. म्हणून या शिक्षकाला दोन भाषांची जबाबदारी एकदम उचलावी लागे. फादर रेने लामूरू यांनी अनेक वर्षे या शाळेची धुरा वाहिली.

दरम्यान इंग्रज समाजातही विचार बदलत होता. १९२१ मध्ये काही इंग्रज गृहस्थांनी ‘युनिटी लीग’ काढून फ्रेंच शाळांना न्याय द्यावा असा पुकारा केला. १९२३ मध्ये हॉवर्ड फर्ग्युसन मुख्य प्रधान झाले. हे पूर्वी नियम १७ चे खंदे पुरस्कर्ते. परंतु दहा वर्षांत नियमाने फ्रेंच शाळा मिटल्या नव्हत्या आणि त्यांचे इंग्रजीही सुधारले नव्हते, हे त्यांना दिसले. १९२५ मध्ये त्यांनी तिघांची चौकशी समिती नेमली: तेच डॉ. मर्चंट, ऑरेंज पक्षाचे न्यायाधीश स्कॉट आणि ऑटावाचे फ्रेंच वकील लुई कोते. दोन वर्षे शाळाशाळांतून हिंडून १९२७ मध्ये त्यांनी एकमुखी अहवाल दिला. सर्व शाळांना एकच नियम लावण्याचे धोरण फसले, प्रत्येक शाळेचा विचार तिच्या परिस्थितीनुसार व्हावा, फ्रेंच शिक्षणावर देखरेखीसाठी स्वतंत्र संचालक नेमावा, आणि ऑटावा विद्यापीठाच्या अध्यापनशाळेला मान्यता द्यावी, असा त्याचा रोख होता. सरकारने तो स्वीकारला. १९१२ मध्ये ज्या अधिकाऱ्याच्या अहवालावरून नियम निघाला, त्याच अधिकाऱ्याच्या सहीने पंधरा वर्षांनी तो शिथिल झाला. आणि शिथिल होताना जी गोष्ट प्रथमच हवी होती, फ्रेंच शिक्षकाच्या तयारीची सोय, तिचा स्वीकार झाला. ती सोय सरकारला नव्याने उभी करावी लागली नाही. ती चार वर्षे आधीच चालू होती. नियम १७ पुस्तकातून पुसला गेला १९४४ मध्ये. नियमाचा जीव मात्र १९२७ मध्येच गेला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. शिक्षकाचे शिक्षण वर्षभराच्या नॉर्मल शाळेत आटोपू नये, ते विद्यापीठाच्या पदवीइतके असावे, हा विचार सर्वत्र बळावला. क्वेबेकमध्ये १९६० नंतरच्या दशकात पॅरं आयोगाने तशी शिफारस केली, आणि १९६९ साली झाक-कार्तिए नॉर्मल शाळा नव्या क्वेबेक विद्यापीठाच्या माँट्रिऑल शाखेत सामील झाली. ऑन्टॅरिओत १९६६ च्या मॅक्लाउड समितीने हेच सांगितले. त्याआधी १९६५ मध्ये ऑटावा विद्यापीठाची पुनर्रचना होऊन ते धर्मसंस्थेच्या हातून सुटले व प्रांताच्या अनुदानावर चालू लागले. इंग्रजी-फ्रेंच या दोन भाषांचा समन्वय राखणे हे त्याचे कर्तव्य कायद्यातच लिहिले गेले. १९६८ साली मुख्य प्रधान जॉन रॉबार्ट्स यांच्या कारकीर्दीत सार्वजनिक पैशावर फ्रेंच माध्यमिक शाळा काढण्याची मुभा मिळाली. आता दुय्यम शाळांनाही फ्रेंच शिक्षक हवे झाले. १९७४ मध्ये ऑटावाची जुनी इंग्रजी नॉर्मल शाळा, जी तोपर्यंत टीचर्स कॉलेज म्हणवीत होती, विद्यापीठाच्या शिक्षणविभागात विलीन झाली. १८७५ ची इंग्रजी शाळा आणि १९२३ ची फ्रेंच शाळा यांचे वारस अशा रीतीने एका छपराखाली आले. जुन्या नॉर्मल शाळेची दगडी इमारत आज ऑटावाच्या नगरभवनाचा भाग आहे.

याच सुमारास इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. १९६५ साली माँट्रिऑलजवळच्या सेंट लँबर्ट उपनगरातील इंग्रज पालकांनी, आपल्या मुलांना बालवर्गापासून संपूर्ण फ्रेंचमधूनच शिकवावे, असा आग्रह धरला. क्वेबेकमध्ये राहून फ्रेंच न येणे हे आता आपल्या मुलांना जड जाईल, हे त्यांनी ओळखले होते. मॅक्‌गिल विद्यापीठातील वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या प्रगतीची वर्षानुवर्षे मोजदाद ठेवली, आणि मातृभाषा न बिघडता दुसरी भाषा चांगली येते असे दाखविले. हे ‘इमर्शन’ वर्ग ऑटावात आणि देशभर पसरले. १९६९ मध्ये मध्यवर्ती सरकारने दोन्ही भाषांना राजभाषा म्हणून समान दर्जा दिला, तेव्हा सरकारी नोकऱ्यांचे शहर असलेल्या ऑटावात फ्रेंचची मागणी अधिकच वाढली. ज्या प्रांताने फ्रेंचला दिवसाचा एक तास मोजून दिला होता, तेथे इंग्रज आईबाप फ्रेंच वर्गात जागा मिळावी म्हणून धडपडू लागले. आणि पुन्हा तोच जुना प्रश्न पुढे आला: शिकविणार कोण?

हा प्रश्न दुहेरी आहे. फ्रेंच घरातील मुलांच्या शाळेला जो शिक्षक हवा, त्याचे काम भाषा टिकविण्याचे. भोवतालच्या इंग्रजीच्या लोंढ्यात मुलाच्या तोंडी फ्रेंच राहील हे त्याला पाहावे लागते. इमर्शन वर्गातील शिक्षकाचे काम भाषा नव्याने देण्याचे. ज्याच्या घरात फ्रेंचचा शब्द नाही अशा मुलाला तो फ्रेंचमधून गणित शिकवितो. एकच भाषा, पण दोन निराळ्या विद्या. म्हणून ऑटावा विद्यापीठात शिक्षकाच्या पदवीचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. फ्रेंच अभ्यासक्रम मुख्यतः फ्रेंच शाळांसाठी. इंग्रजी अभ्यासक्रम इंग्रजी शाळांसाठी, आणि दुसरी भाषा म्हणून फ्रेंच शिकविणाऱ्यांची तयारीही त्याच्या कक्षेत येते. एकाचे भाषांतर करून दुसरा बनविलेला नाही. २०१५ पासून ऑन्टॅरिओत या शिक्षणाची मुदत दुप्पट होऊन चार सत्रांची झाली.

कायद्यानेही पुढे आपली बाजू भरून काढली. १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील २३ व्या कलमाने अल्पसंख्य राजभाषेतून शिक्षणाचा हक्क घटनेत घातला. १८६७ मध्ये राहिलेली उणीव एकशे पंधरा वर्षांनी दूर झाली. १९९८ मध्ये ऑन्टॅरिओत फ्रेंच भाषिकांच्या हाती कारभार असलेली बारा शाळामंडळे अस्तित्वात आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुख्य प्रधान कॅथलीन विन यांनी नियम १७ बद्दल विधिमंडळात क्षमा मागितली. तरीही फ्रेंच शिक्षकांचा तुटवडा हा विषय प्रांतात वेळोवेळी निघतोच. हक्क मंजूर करण्यास एक दिवस पुरतो. शिक्षक तयार होण्यास त्याचे स्वतःचे बालपणच धरावे लागते.

या इतिहासाला एक काळी कडाही आहे. दोन युरोपीय भाषा शाळेसाठी झगडत असताना, ज्यांच्या भूमीवर हा झगडा चालला त्या अल्गोंक्विन, ओजिब्वे, क्री इत्यादी मूळ रहिवाशांच्या भाषांना ना कायदा होता, ना नॉर्मल शाळा. त्यांची मुले निवासी शाळांत नेऊन ठेवण्यात आली आणि तेथे त्यांच्या भाषेला मज्जाव होता. या शाळांच्या कल्पनेत रायर्सन यांच्या १८४७ च्या एका टिपणाचाही वाटा होता, आणि त्यामुळे टोरॉन्टोतील ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव होते त्याने ते २०२२ मध्ये बदलले. शिक्षक घडविणारी संस्था ज्या भाषेच्या वाट्याला आली ती तरली. ज्यांच्या वाट्याला ती आली नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बोलणाऱ्यांत आता म्हातारी माणसेच उरली आहेत.

ऑटावाच्या कथेत टाचण्या घेऊन उभ्या राहिलेल्या आया आहेत, लंडनपर्यंत गेलेले वकील आहेत आणि मते बदलणारे मुख्य प्रधान आहेत. त्या सर्वांचे काम मोलाचे होते. परंतु आयांनी ज्या देलोझ बहिणींसाठी दार अडविले त्या शिक्षिका होत्या, आणि वकिलांनी हरलेला दावा पुढे जिंकला तोही शिक्षकांनीच. १९२३ साली मान्यता नसलेल्या एका वर्गात जे विद्यार्थी पाठ घेण्याचा अभ्यास करीत बसले, त्यांच्यापाशी कायद्याचा आधार नव्हता आणि पगाराची हमी नव्हती. त्यांच्यापाशी फक्त चांगले शिकविण्याची विद्या होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या भाषेत होती. आपल्या भाषेच्या शाळांविषयी चिंता करणाऱ्या कोणत्याही समाजाने प्रथम आपली अध्यापनमंदिरे पाहावी. तेथे कोण शिकण्यास येते, काय शिकून जाते आणि कोणत्या भाषेतून शिकते, यावर पुढच्या पिढीच्या तोंडची भाषा ठरत असते.